विदोयेचं निदान

फ्लू ओळखायला मला थर्मामीटर लागत नाही! रोगी दारातून खुर्चीपर्यंत येतो तोवर माझं निदान झालेलं असतं. सर्दी बिचारी हळूहळू येते, फ्लू दांडकं घेऊनच घुसतो. काल ठणठणीत, आज आडवा! ताप, कोरडा खोकला, ठेचून काढल्यासारखं अंग. आमच्या या सर्बियन डोंगरगावात माझ्याएवढे फ्लू कुणी पाहिले असतील?

विदोये आला तोच कंबर धरून. तोंड लालबुंद, खोकून बेजार.

"कधीपासून?"

"कालपर्यंत बरा होतो हो डॉक्टर. आज अंथरुणातून उठवेना!"

"फ्लू! झोपून राहायचं. आणि आईच्या जवळपास फिरकायचं नाही."

त्याची आई, देसांका आजी, नव्वदीची आणि छातीनं अधू. फ्लू झाला असता तर म्हातारी हाती लागली नसती.

"पण उद्या आमच्या कुळाच्या संताचा सण! पाहुणे येणार!"

"येऊ नका म्हणावं."

"कुणाला म्हणू? या सणाला बोलावतं का कुणी? ज्यांना या म्हटलंच नाही, त्यांना येऊ नका कसं म्हणू?"

मुद्दा बिनतोड होता. शेवटी पाहुणे परतवायला दुसऱ्या दिवशी मीच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पाहुण्यांनी मलाच उचलून आत नेलं! हातात पेला, आणि सण उपासाच्या दिवसांत आलेला म्हणून पुढ्यात मासा आणि घेवडा.

आणि मी बघतच राहिलो. या दिवशी यजमानानं बसायचं नसतं. विदोये पहाटेपासून उभा होता! पन्नास माणसांना वाढत होता, ओतत होता, वर हसत होता. अहो, फ्लूनं बैल बसतो!

"विदोये, परवा काय करत होतास रे?"

"डुकरं कापली. मग रात्रीपर्यंत धुराच्या खोलीत वाकून-खोकून मांस धुरी द्यायला टांगलं."

"आणि तोंड का लाल होतं?"

"तुमच्याकडे यायचं म्हणून दोन पेले मारले. जरा धीर यायला!"

"अरे गाढवा, हे काल का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत कुठे? म्हटलं, डॉक्टरांना नुसतं बघून कळतं!"

माझा जीव मात्र भांड्यात पडला. घरात फ्लू नव्हता, आजी वाचली! आनंदाच्या भरात मी आजींच्या गालांचे रिवाजाप्रमाणे तीन मुके घेतले.

तेवढ्यात सणाचा पाव कापायची वेळ झाली. सगळे उठले. देसांका आजीसुद्धा, काठी न घेता, ताठ! नव्वदीचं ते उभं राहणं बघून माझा ऊर भरून आला. मीही उठायला गेलो. पाय हलेनात! अंगात हुडहुडी, डोक्यात घण, आणि पाठोपाठ कोरडा खोकला.

"डॉक्टर, काय होतंय?" आजी वाकल्या.

"आजी, लांब व्हा!" मी ओरडलो.

सुदैवानं त्यांना शिंकसुद्धा आली नाही. मी मात्र त्यांच्याच पलंगावर आठवडाभर पडून होतो. आजी दाराबाहेरूनच घेवड्याचं सूप आत सरकवायच्या आणि दर खेपेला काळजीनं विचारायच्या, "एखाद्या डॉक्टरला बोलावू का हो?"