शेवाळताईंच्या सतरा समित्या

“यापुढे या विद्यापीठात एकही समिती दिव्यांग सदस्याशिवाय बसणार नाही!” कुलसचिवांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! शेवाळताईंनी तर सगळ्यांत जास्त वाजवल्या. व्हीलचेअरवरून वावरणाऱ्या आणि शेवाळावर संशोधन करणाऱ्या या बाईंना वाटलं, चला, आता आपलं कोणीतरी ऐकेल.

मेख एवढीच होती की अख्ख्या विद्यापीठात दिव्यांग माणूस एकच. त्याच!

महिन्याभरात बाई सतरा समित्यांवर. ग्रंथालय, वाहनतळ, अगदी पडदे खरेदीसुद्धा!

“अहो, पडद्यांतलं मला काय कळतं?”

“तुम्ही नुसतं बसा हो मॅडम,” हेडक्लार्क म्हणाला, “कोरम भरतो.”

“बसलेलीच असते मी!”

इमारत समिती दुसऱ्या मजल्यावर भरायची आणि लिफ्ट वर्षभर बंद. चार शिपाई ताईंना खुर्चीसकट उचलून न्यायचे. कोरमपुरती सही जिन्यातच घेतली जायची; वर पोचेपर्यंत चहाही संपलेला आणि सभाही. त्यामुळे लिफ्टचा विषय कधी निघालाच नाही.

एके दिवशी ताई धापा टाकत प्रयोगशाळेत आल्या, तर शिपाईकाका दारातच हसत उभे.

“ताई, बघा! तुमच्या चाळीसही बरण्या घासून लख्ख केल्या. काय ते हिरवं साचलं होतं!”

“काका! तीन वर्षांचं काम होतं हो ते!”

काकांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून कागद काढला. स्वच्छता समितीचं परिपत्रक: प्रयोगशाळांतली सर्व भांडी घासून ठेवावीत. खाली सही शेवाळताईंची! जिन्यात, उचललेल्या खुर्चीतूनच, त्यांनी ती न वाचता ठोकली होती.

पुढच्याच आठवड्यात मुदतवाढ समिती बसली. ताईंची नोकरी राहणार की जाणार, ते तिथे ठरायचं होतं.

“तुमचाच विषय आहे मॅडम, बाहेर थांबा.”

ताई बाहेर गेल्या.

“अहो, आत या! तुमच्याशिवाय कोरम भरेना!”

असं तीनदा झालं. शेवटी ताईंनी खुर्ची उंबऱ्यावरच उभी केली, पुढची चाकं आत आणि मागची बाहेर.

“तीन वर्षांत संशोधन काय केलंत?”

“बरण्यांत होतं. घासलं गेलं.”

“कुणाच्या आदेशावरून?”

परिपत्रक आलं. सही सगळ्यांनी नीट पाहिली. मुदतवाढ नामंजूर! इतिवृत्तावर सदस्य म्हणून ताईंचीच सही घेतली. या खेपेला त्यांनी वाचून केली.

त्या वळल्या तोच कुलसचिव मागून धावत आले.

“मॅडम, आपल्याकडे दिव्यांग संशोधक टिकत का नाहीत, हे शोधायला समिती नेमतोय. तुम्ही हव्यातच!”

“माझी नोकरी शनिवारी संपतेय, साहेब.”

“म्हणूनच बैठक शुक्रवारी ठेवलीय,” कुलसचिव समजुतीच्या सुरात म्हणाले. “दुसरा मजला. लिफ्टचं तेवढं सांभाळून घ्या.”