चिखलासह

व्यवस्थापक घरात शिरले, तेव्हा दोरीवर टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांच्या मधोमध राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहास टपटप गळत होता.

"आई, हे काय केलंत?"

"धुतली," सासूबाई म्हणाल्या. "मळक्या कपड्याला मी सुई लावत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

जर्सीची कॉलर उसवली होती आणि सासूबाईंसारखा टाका कुणाचा नाही, म्हणून व्यवस्थापकांनी ती हौसेनं घरी आणली होती. व्यवस्थापकांच्या हाती सोपवलेलं संघाच्या इतिहासाचं दालन उद्या उघडायचं होतं. इतिहास तसा सुटसुटीत. संघ मोठ्यांशी हरला, छोट्यांशी हरला, एकदा तर स्वतःवरच गोल मारून हरला. फक्त एकदाच, भर चिखलात, त्यानं जगज्जेत्यांना शून्य-शून्य असं रोखलं होतं. खरं तर रोखलं होतं एकट्या गोलकीपरनं. चेंडू हाताला चिकटायचा म्हणून लोक त्याला डिंक म्हणत. त्या सामन्यातली ही जर्सी. दालनातल्या काचपेटीखालच्या पितळी पाटीवर 'चिखलासह' असं कोरूनही झालं होतं आणि संघटनेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "चिखलाचा कण हलला, तर तुम्हीही या खुर्चीवरून हललात म्हणून समजा."

आणि उद्याचे पाहुणे होते खुद्द डिंककाका.

"चिखल पहिल्याच पाण्यात गेला," सासूबाई कौतुकानं सांगत होत्या. "कोपरावरचा पांढरा डाग तेवढा हट्टी. पण मी सोडते होय? रॉकेलनं घासघासून काढला!"

व्यवस्थापक दोरीवरच्या जर्सीत चिखलाचा एखादा तरी कण शोधू लागले.

"अहो, चिखलच ना?" बायको म्हणाली. "मागं अंगणात हवा तेवढा आहे."

जर्सी वाळली, सासूबाईंनी कॉलरला टाका घातला आणि मग सामन्याचा एकुलता एक फोटो समोर ठेवून दोघं कामाला लागली. फोटो इतका धूसर, की चिखल कुठला आणि गोलकीपर कुठला तेच कळेना. "धुतलेल्या कपड्याला चिखल? माझ्या डोळ्यांदेखत नाही!" म्हणत सासूबाई तरातरा आत गेल्या. पहिला थर लिंपल्यासारखा दिसला. तो खरवडला, तर जर्सीला खाज सुटल्यासारखी दिसू लागली. शेवटी व्यवस्थापकांनी डोळे मिटून मुठीनं चिखल फेकला. तो बरा बसला. निम्मा भिंतीवर बसला, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी दालन खचाखच भरलं. डिंककाका काठी टेकत काचेपाशी आले, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काच उघडा," ते म्हणाले.

व्यवस्थापकांनी आधी घरची किल्ली लावून पाहिली, मग काचपेटीची. काच उघडली. काकांनी जर्सीवरून बोट फिरवलं. चिखलाचा एक नव्हे, चांगले दहा-बारा कण खाली पडले. मग त्यांनी वास घेतला.

"काय झालं?" अध्यक्षांनी मागून मान उंचावली.

"काही नाही, जुनी ओळख काढतोय," काका म्हणाले आणि व्यवस्थापकांच्या कानाशी आले. "कुणी धुतली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सासूबाईंनी," व्यवस्थापक कसेबसे म्हणाले.

"मागं माझ्या आईनं धुतली होती. त्याच संध्याकाळी. जगज्जेत्यांना अडवून आलो, तर तिनं मलाच दारात अडवलं आणि जर्सी उतरवून घेतली."

"मग तो चिखल?"

"संघटनेनं जर्सी मागितली, तेव्हा मीच लावला. परसातला. स्वच्छ कपडा कोण बघायला येतो?"

व्यवस्थापकांचा जीव भांड्यात पडला. आनंदानं त्यांना रडूच येणार होतं, पण काका आता बाही उलटीसुलटी करून काहीतरी शोधत होते.

"खरा होता तो इथला डाग," ते म्हणाले. "गोलच्या खांबांना ताजा रंग लावला होता. शेवटचा चेंडू अडवताना कोपर खांबाला घासलं. तेवढा एकच आईला निघाला नव्हता. कुठं गेला?"

व्यवस्थापकांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. तिथं सासूबाई ताठ बसून आपल्या टाक्याकडे अभिमानानं बघत होत्या. काकांनीही तिकडं पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. रिकाम्या कोपरावर त्यांचं बोट बराच वेळ थांबून राहिलं. व्यवस्थापकांना वाटलं, त्यापेक्षा अध्यक्षांनी खुर्चीवरून काढलं असतं तर बरं झालं असतं.

"मैदानावरचे खांब पुन्हा कधी रंगवणार?" काकांनी हळूच विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"मला बोलवा. जर्सी घेऊन या," काका काच लावत म्हणाले. "आणि सासूबाईंना घरीच ठेवा."