मेजरच्या हातातलं पिस्तूल

"दोष पिस्तुलातच आहे!" असं मेजरनं सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली.

मेजर हे नुसतं टोपणनाव. माणूस बँकेच्या तिजोरीवरचा सुरक्षारक्षक. पण मिशी, चाल आणि बुटांची चकाकी अशी, की नवा मॅनेजर आला तर आधी तोच याला सलाम ठोकायचा. रक्षकांची दरवर्षी नेमबाजीची चाचणी होई. नापास होणाऱ्याचं पिस्तूल जमा आणि रवानगी पार्किंगमध्ये, शिट्टी फुंकायला. तिजोरीसमोरची खुर्ची सोडून पार्किंगमध्ये उभं राहायचं, ही कल्पनाच मेजरला सहन व्हायची नाही.

यंदा सरावाला पहिली गोळी झकास सुटली. दुसरीला मात्र पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, अर्ध्यावर अडकली आणि रिकामी पुंगळी फटीत उभी राहिली. मेजरनं ती ओढून काढली. पुन्हा तेच!

"गोळ्या जुन्या आहेत," मेजर म्हणाला. नव्या गोळ्या आल्या. पिस्तूल अडकलं.

"मग मॅगझिनची स्प्रिंग गेली." मॅगझिन बदललं. पिस्तूल अडकलं.

"कुणी तेलपाणीच केलेलं नाही हो याचं!" असं म्हणून त्यानं पिस्तूल स्वतः खोलून पुसलं आणि मायेनं इतकं तेल पाजलं, की पुढच्या गोळीसरशी सुरक्षा अधिकारी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडाले. एवढं करून पिस्तूल अडकलं ते अडकलंच.

साहेबांनी शर्ट पुसत त्याला दुसरं पिस्तूल दिलं. तेही अडकलं!

"बघा! एक नाही साहेब, सगळी खेपच खराब आहे!"

इतका जुना माणूस सांगतोय म्हटल्यावर साहेबांचं धाबं दणाणलं. त्यांनी त्या खेपेतली सगळी पिस्तुलं जमा करून घेतली आणि बदल्यात काठ्या वाटल्या. शाखोशाखी रक्षक काठी टेकून तिजोऱ्या राखू लागले. नोटांच्या गाडीत काठी मावेना, म्हणून तिथला रक्षक ती खिडकीतून अर्धी बाहेर काढून बसायचा.

"मेजर, दरोडेखोर आले तर काय सांगू? गुरं हाकायला निघालोय म्हणून?" त्यानं विचारलं.

सगळे खो खो हसले. मेजरला हसू आलं नाही. या भल्या माणसाच्या घरी लहान पोरं होती, आणि तो काठी घेऊन निघाला होता तो आपल्या शब्दाखातर.

अखेर मुख्य कचेरीतून पिस्तुलांचा मिस्त्री आला. त्यानं जमा केलेलं प्रत्येक पिस्तूल स्वतः चालवून पाहिलं. एकही अडकलं नाही.

"आता तुम्ही चालवा," तो म्हणाला.

मेजरच्या हातात दुसऱ्याच गोळीला अडकलं. त्यानं मागून येऊन मेजरचं मनगट आपल्या मुठीत घट्ट धरलं.

"हं, आता."

उरलेल्या सगळ्या गोळ्या धडाधड सुटल्या.

"पिस्तुलाचा धक्का मनगटानं पेलायचा असतो, मेजर. मनगट सैल पडलं की स्लाइड पूर्ण मागं जात नाही," मिस्त्री हळूच म्हणाला. "कधीपासून होतंय हे?"

मेजरनं पिस्तूल टेबलावर ठेवलं. हातातला जोर गेलाय, हे त्याला ठाऊक होतं. फक्त ते त्यानं स्वतःलाही अजून सांगितलं नव्हतं.

"साहेबांना काय सांगू? म्हणाल तर पिस्तुलांवरच ढकलतो."

मेजरच्या डोळ्यांसमोर नोटांच्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेली ती काठी आली.

"मनगट सांगा," तो म्हणाला. "आणि सगळ्या रक्षकांची पिस्तुलं त्यांना आजच द्या."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. पार्किंगचं अगदी शेवटी सांगितलं. आता ही रडणार, या भीतीनं तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"चला, एकदाचं कळलं तुम्हाला! उद्याच डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अहो, चहा सांडायला लागलात तेव्हापासून कप अर्धाच भरून देतेय मी. तुम्हाला काय वाटलं होतं?"

मेजरनं मिशीवरून हात फिरवला.

"मला वाटलं, दूध महाग झालंय."