एक आणा कमी

भाटघरच्या मुलाणीकाकांच्या गिरणीत एकटीनं दळण घेऊन जाण्यात अर्थ नसे. काका डबा ठेवून घेत, झाकण काढून आत बघत आणि म्हणत, "बसा सूनबाई. दुसरं येऊ द्या." दुसरं म्हणजे दुसरीचं दळण. ते आलं की दोन्ही डब्यांतला मूठमूठ गहू दोन तळहातांवर घेऊन उजेडात धरायचे, एकेक दाणा दाताखाली फोडायचे आणि मग सोळा आण्यांत निकाल. "शिंदेवहिनींचा तेरा आणे. तुमचा साडेतेरा, पण खडे हायेत." एवढं झालं की मगच पट्टा चढायचा.

ह्या निकालापायी शेजारणी-शेजारणींनी महिना महिना अबोला धरलेला मी पाहिलाय. काकांना त्याचं नवल वाटायचं. "म्या गव्हाला बोललो, बाईला कुठं बोललो?"

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि ह्यांना धरणावर नोकरी लागली म्हणून इतक्या लांब आले. पहिल्यांदा गिरणीत गेले तेव्हा आमच्याकडच्या रीतीनं विचारलं, "काका, दळण कधी द्यायलाव?" सगळ्या बायका हसल्या. आता इथं तोंड उघडायचंच नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून दोन्ही बोली शेजारी शेजारी ठेवल्या. "आपलं 'देताय', त्यांचं 'द्यायलाव'. त्यांचं जरा लांबतंय, पण कानाला गोड हाय. चौदा आणे." शाळेत मला इतके गुण कधी पडले नव्हते. त्या दिवसापासून मी भाटघरात बोलायला लागले, ते काकांमुळं.

पहिल्या खेपेला दुपारीच माझ्या कळा सुरू झाल्या आणि हे ड्यूटीवर. काकांनी कुणाचा तरी टेम्पो आणला. मागं काकी मला धरून बसल्या, पुढं ड्रायव्हरशेजारी काका. फाट्यावर टेम्पो थांबला, कारण भोरचा दवाखाना बरा की पुण्याचा, ह्याचा विचार काकांनी तिथं सुरू केला. भोरला डॉक्टर हाताचा हलका, पण पुण्यात मशीन चांगली. काकींनी बांगड्यांच्या हातानं मागची काच बडवली. "अहो, आधी जवळचा बघा, मग चांगला." मुलगी भोरलाच झाली. संध्याकाळी काका बघायला आत आले. त्यांनी माझ्या मुलीकडं पाहिलं, मग शेजारच्या खाटेवरच्या बाळाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. काकींनी दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं.

काकींचं स्वतःचं एक गाऱ्हाणं होतं. त्यांना बघायला येण्याच्या आदल्या दिवशी काका शिरवळची एक मुलगी बघून आले होते. काकी म्हणायच्या, "तिला किती आणे दिले आणि मला किती, ते अजून सांगत न्हाईत. म्हातारी झाले मी वाट बघून."

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या घरात कुणी कधी बोललं नाही.

काका तरुणपणी खडकीला एका कारखान्यात होते आणि कारखान्याच्या संघातून हॉकी खेळायचे. रिटायर होऊन गावी आले ते जुन्या काठ्यांचा एक भारा घेऊनच. आमच्या भागात पोरगं चालायला लागलं की कबड्डीच खेळणार. हॉकीला लोक 'वाकड्या काठीचा खेळ' म्हणायचे आणि काकांनाही तसंच वाकडं समजायचे. पण दर रविवारी धरणाच्या कॉलनीतल्या मैदानावर दहा-पंधरा पोरं जमायची. काकी चहा करायच्या, मी किटली घेऊन जायची. चहा देता देता मला खेळ कळायला लागला. काठीची एकच बाजू सपाट असते, तिनंच चेंडू मारायचा. चेंडू डाव्या अंगाला आला की मनगटात काठी उलटी फिरवून टोकानं तो धरायचा. ह्याला काका 'उलटी बाजू' म्हणायचे. त्यांच्या मते खरा खेळाडू तिथंच कळतो.

त्या पोरांत दोघं निराळे होते. एक विंझरचा संजय, किराणा दुकानदाराचा. दुसरा गुंजवण्याकडच्या एका वाडीतला दत्ता. त्याची वाडी नव्या धरणात जाणार होती, आणि दौंडच्या बाजूला मिळणाऱ्या जमिनीची वाट बघत ते लोक बसले होते. दोघंही भोरच्या बोर्डिंगात राहून शिकायचे. संजय रविवारची शेवटची एसटी पकडून घरी जायचा आणि सोमवारी सकाळी शाळेला परतायचा. दत्ताची वाडी लांब, म्हणून तो काकींकडं जेवायला थांबायचा. हळूहळू तो बुधवारीही यायला लागला. मग काकी रोजच एक भाकरी जास्त थापायला लागल्या.

काकांना दोन गहू मिळाले तरी दिवस सार्थकी लागायचा. इथं तर दोन पोरं मिळाली होती. गिरणी चालू असली की त्यांना ओरडून बोलावं लागे, त्यामुळं सगळ्या भाटघरला ते ऐकू जायचं. संजयची धाव पंधरा आणे, दत्ताची चौदा. दत्ताला चेंडू कुठं येणार ते आधी कळतं, संजयला आल्यावर कळतं, पण मग तो सोडत नाही. संजय हरला की चिडतो, हे चांगलं की वाईट? दत्ता हरला की हसतो, हे वाईट की चांगलं? पीठ सांडायचं, जाड पडायचं, आम्ही बायका कपाळाला हात लावायचो. संजय एकदा आमच्या ह्यांना म्हणाला, "काका आमाला खेळवत न्हाईत, तोलतात."

मग फेब्रुवारीत पिंपरीच्या एका कंपनीचे साहेब स्कूटरवरून आले. काकांचे खडकीचे जुने सोबती. कंपनीचा स्वतःचा संघ होता आणि त्यात एक पोरगा घ्यायचा होता. राहणं, जेवण, खेळाचे पैसे, आणि नीट खेळला तर पुढं कायमची नोकरी. जागा एकच. साहेबांनी दोघांचा खेळ तासभर पाहिला, चहा घेतला आणि म्हणाले, "तासाभरात मला काय कळणार? तू दोन वर्षं बघतोयस. तू सांगशील तो नेतो. पुढच्या रविवारी येतो."

त्या आठवड्यात गिरणीत निकाल लागले नाहीत. बायका आल्या, दळणं मुकाट दळून मिळाली. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, काका दत्ताचंच नाव घेणार. त्याचं घर जाणार होतं, शेत जाणार होतं. संजयचं निदान दुकान होतं. काकींनी तर दत्तासाठी नवी चादर आणून ठेवली होती.

रविवारी साहेब आले. काका त्यांना मैदानाच्या कडेला घेऊन गेले आणि दोन मिनिटांत परत आले. "विंझरचा," एवढंच म्हणाले.

काकींनी हातातली किटली माझ्याकडं दिली आणि त्या घरात गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी काकांशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण शब्द नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर मला निरोप द्यायच्या, आणि काका पुढ्यातच बसलेले असायचे.

एप्रिलात दत्ताच्या घरचं सामान ट्रकमध्ये भरलं. जायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. मी गिरणीतच होते. तो काकींच्या पाया पडला, काकांच्या पाया पडला, मग खाली बघत म्हणाला, "राग न्हाई काका. पर माझ्यात काय कमी पडलं तेवढं सांगा."

काका पट्ट्याला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "उलटी बाजू. तुझी उलटी बाजू कच्ची हाय."

दत्ताच्या तोंडावर उजेड पडल्यासारखं झालं. "मग आधीच सांगायचं की काका. घासून पक्की केली असती." आणि काकींनी बांधून दिलेल्या भाकऱ्या घेऊन तो गेला.

मला खेळातलं फार कळत नव्हतं. पण त्याच्या डाव्या अंगानं चेंडू निसटलेला मी कधी पाहिला नव्हता. मी तसं म्हटलं. काका पोत्यावर बसले.

"तसली उलटी बाजू म्या खडकीतबी बघितली न्हाई, सूनबाई."

"मग?"

"दोघं सारखे हुते. साडेपंधरा, साडेपंधरा. लई तोललं, पर काटा हलंना." त्यांनी भुवईवरचं पीठ पुसलं. "आमच्या घरचा गहू दळायला काढला की म्या त्याला एक आणा कमी धरतो. आपल्या मालाला डोळा भुलतो, तवा तेवढं कापलं की तोल सरळ येतो. सगळी हयात तसंच केलं. दत्ता घरचा झालता. एक आणा कापला."

आतल्या दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

"हे त्याला कसं सांगू?" काका म्हणाले. "जीव लागला म्हणून कापला, असं सांगू?"

दोन वर्षं गेली. संजय कंपनीत नीट लागला. गावी आला की काकांना भेटायचा, मिठाई आणायचा. काका त्याच्या खेळाची चौकशी करायचे, आणे मात्र सांगायचे नाहीत. दत्ताची काही खबर नव्हती. मग एका लग्नाला त्याची आई भोरला आली आणि वाट वाकडी करून काकींना भेटायला गिरणीत आली. जमीन मुरमाड निघाली म्हणाली. दत्ता एका वीटभट्टीवर हिशेब ठेवतो म्हणाली.

"पर काका, खेळ सोडला न्हाई त्यानं. कामावरनं आला की भिंतीवर चेंडू हाणत बसतोय. रोज. नुसता डाव्या अंगानं. काकांना सांग म्हणाला, उलटी बाजू पक्की झाली. साहेब परत आले तर येकदा बघा म्हणावं."

गिरणी बंद होती, तरी काकांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "भिंत कसली हाय?"

"शिमिटाची. पुनर्वसनाच्या खोलीची."

"मग चेंडू सरळ येत आसंल माघारी."

"व्हय, सरळ येतो."

"मग चांगलं हाय," काका म्हणाले आणि उठून मागच्या दारानं बाहेर गेले. थोड्या वेळानं काकींनी तांब्या भरून घेतला आणि मागच्या दारापाशी जाऊन स्वतः हाक मारली, "अहो, पाणी घ्या." त्याही बाहेर गेल्या.

दत्ताची आई माझ्याकडं वळून म्हणाली, "बरं वाटलं काकांना, न्हाई का?"

मी म्हटलं, "हो. लई बरं वाटलं."