केशवरावांचा लोखंडी अंगठा

केशवराव उमरे कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "परेशर किती?"

आमच्या तलमडुगूत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, हे कुणीतरी कंपाउंडर असावेत. माणूस खरं उत्तर देतो. एकशेचाळीस, नव्वद. केशवराव मान हलवतात आणि म्हणतात, "रिलीफ वाल्व पाहून घ्या एकदा." माणूस घाबरून घरी जातो.

सगळी उमर त्यांनी मंचेरियलकडच्या कोळसा खाणीत फिटर म्हणून काढली. निवृत्त होऊन गावी आले ते खाणीची भाषा घेऊनच. माझ्या बायकोला एकदा अशक्तपणा आला होता. केशवराव भेटायला आले, खुर्चीत बसले आणि मला विचारलं, "पंपच कमजोर हाय, का कुठं गळून राह्यलं?" माझी बायको चिडली, पण तपासणीत रक्त कमी निघालं. तेव्हापासून ती त्यांना चहात साखर जास्त घालते.

मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. आमची भिंत त्यांच्या शेडला लागून आहे. त्या शेडमध्ये त्यांचा छोटा ट्रॅक्टर असतो. त्याच्या मागे खोदायचा हात बसवलेला आहे, टोकाला दातेरी बकेट, मोठ्या खोदयंत्राचा लहान भाऊ म्हणावा तसा. त्याने ते लोकांच्या शेतात चर खोदतात, पाइप गाडतात. त्यांची बायको शांताबाई तीन वर्षांपूर्वी मुलाकडे हैदराबादला गेली. नातू सांभाळायला म्हणून गेली ती तिथेच राहिली. हे गाडं विका आणि तुम्हीही चला, असं ती म्हणाली होती. केशवराव म्हणाले होते, चौथ्या मजल्यावर मी काय करू. त्यानंतर सणावाराला फोन व्हायचा. कुणी विचारलं तर ते सांगत, "तिकडं बरी हाय ते." आणि पाना उचलून दुसरीकडे वळत.

मागच्या वर्षी त्यांच्या डोक्यात अंगठा शिरला.

"सर, हे बकेट म्हणजे नुसती चार बोटं हायेत," ते मला म्हणाले. "खोदते, ओढते. पन धोंडा उचलाचा म्हटलं की घसरून जाते. वरून दाबाले अंगठा पायजे."

म्हणजे बकेटच्या समोर एक लोखंडी पंजा, जो तेलाच्या दाबावर उघडेल, मिटेल आणि बकेटच्या दातांशी जुळेल. तयार मिळतो, पण मोठ्या यंत्रांसाठी. त्यांच्या यंत्राच्या मापाचा कुठे मिळेना, म्हणून स्वतः करायचं ठरलं. बिजागरीची खीळ नेमकी कुठे बसवायची हे त्यांना कळेना. एके दिवशी ते सरळ माझ्या आठवीच्या वर्गात आले, खडू उचलला आणि फळ्यावर हात, बकेट, पंजा काढून मला म्हणाले, "सांगा, कोन किती?" चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. मला येत नव्हतं.

घरी येऊन आम्ही बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, टाचण्या लावल्या आणि चार संध्याकाळी तो पुठ्ठ्याचा हात हलवत बसलो. कोन सापडला. मग जाड पत्रा, मोडक्या लोडरचा सिलिंडर, नवे होज पाइप आणि एक जादा लिव्हर. त्यांचं वेल्डिंग चालू असलं की आमच्या घरातला टीव्ही फरफर करायचा. माझी बायको भिंतीवर लाटणं आपटायची. पलीकडून आवाज यायचा, "झालंच, वैनी."

पहिल्या दिवशी त्यांनी पोटाएवढा धोंडा धरला आणि वर उचलला. मी जवळ जाऊन कौतुकाने बघत होतो. केशवराव हसत होते. मिनिटभर झालं असेल, पंजा हळूहळू सैल झाला. कुणी लिव्हरला हात लावला नव्हता. धोंडा सुटला आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतला.

केशवराव खाली उतरले. माझा पाय बघितला, धोंडा बघितला. शेडचं दार लावून घेतलं. दोन दिवस त्यांच्याकडे चूल पेटली नाही. आमच्याकडून पाठवलेलं ताट तसंच परत आलं.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकं वर आलं. "सर, तेल मागं जाते. वाल्वमधून थेंब थेंब मागं जाते. सिलिंडरलेच कुलूप पायजे."

तशी कुलपासारखी झडप असते म्हणे. एकदा दाब भरला की लिव्हर हलवल्याशिवाय तेल परत येऊ देत नाही. त्यासाठी ते तीनदा आदिलाबादला जाऊन आले. झडप बसवली त्या दिवसापासून भाद्रपदाची झड लागली. चाचणी राहून गेली.

झडीच्या चौथ्या दिवशी, दुपारी, नारायण धावत शाळेत आला. नाल्याकाठी त्याचा भाजीचा मळा आहे. मळ्याला नाल्याच्या बाजूने जुनी दगडी पाळ होती. त्याची बायको पार्वताबाई खाली मेथी धुवायला बसली होती आणि पाळ तिच्यावर कोसळली.

मी पोचलो तेव्हा दहाबारा माणसं पहारी घेऊन उभी होती. पार्वताबाई कमरेपर्यंत पाण्यात होती. डावा पाय दगडांखाली. सगळ्यांच्या वर एक लांबट शिळा आडवी पडलेली आणि तिच्याच आधारावर बाकीचे दगड थांबलेले. पहार लावली की शिळा पार्वताबाईकडे सरकायची. पाणी चढत होतं. रस्त्याच्या कामावरचं मोठं यंत्र लोकांनी आणलं होतं, पण ते डांबरावरच उभं होतं. मळ्याकडची वाट अरुंद आणि चिखलाची, तिथे ते रुतलं असतं.

नारायण म्हणाला, "सर, उमरे काकाले बलवा."

मी फोन केला. ते एवढंच म्हणाले, "फळ्या टाकून ठेवा."

लहान ट्रॅक्टर वाफ्यांमधून आला. त्या वेगाने माणूसही पायी आला असता. केशवरावांनी यंत्राचे मागचे लोखंडी पाय फळ्यांवर टेकवले, खाली उतरून शिळेभोवती एक फेरी मारली आणि मला बाजूला घेतलं.

"कुलूप तपासलं नाई म्या," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मले तिथून बाई दिसनार नाई. तुमी पाण्यात उभे राहा अन् हात दाखवा. बोलू नका, इंजिनात ऐकू येत नाई." मग ते नारायणकडे वळले. "लाकडी ठोकळे घेऊन बस. शिळा उठली की खाली ठोकळा. ठोकळा बसल्याबिगर कोनी हात घालाचा नाई. तू बी नाई."

बकेट शिळेच्या मागे उतरली. समोरून पंजा आला आणि टेकला. शिळेचा कपचा उडाला. पार्वताबाईने डोळे मिटले. मी तळहात दाखवला, थांबा. पंजा थांबला. मी बोटं हलवली. पंजा आवळला गेला.

इंजिनाचा आवाज जड झाला. शिळा हलली, बोटभर, मग चार बोटं. बाकीच्यांतले दोन दगड घरंगळून पाण्यात पडले. नारायणने पहिला ठोकळा सरकवला. तो बसेना. खाली चिखल होता, ठोकळा कलत होता. त्याने तो काढला आणि दुसरा शोधायला लागला.

तेवढ्यात मला होज पाइपाच्या जोडावर तेल दिसलं. एक थेंब, मग दुसरा. मी वर बघितलं. केशवरावांनाही ते दिसत होतं. त्यांनी लिव्हर सोडली नव्हती, पण आता पकड त्यांच्या हातात नव्हतीच. होती ती त्या झडपेच्या हातात. त्यांनी इंजिन मंद केलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

"पार्वताबाई, परेशर किती?"

तिचे दात वाजत होते. "कमी हाय, भाऊ."

"मेथी किती केली औंदा?"

"चार वाफे."

"अन् चुका?"

"चुका नाई केला."

"काऊन नाई केला? आमच्या घरी चुक्याची भाजी लागते. पुढच्या बारीले करजा."

तिने मान हलवली. ती त्यांच्या आवाजाच्या दिशेने बघत होती, शिळेकडे नाही. मी शिळेच्या आणि पाण्याच्या मधलं अंतर डोळ्यांनी धरून ठेवलं होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. शिळा होती तिथेच होती.

नारायणचा ठोकळा बसला. मग दुसरा. मी मूठ वर केली. चौघांनी तिला काखेतून धरून ओढलं. ती एकदाच ओरडली आणि बाहेर आली. पाय मोडला होता, पण पाय होता. तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडीने आदिलाबादला. केशवरावांनी शिळा पलीकडच्या काठावर नेऊन ठेवली, अलगद, काचेचं सामान ठेवावं तशी.

सगळे खाटेमागे गेले. मी मागे राहिलो, कारण ट्रॅक्टर चालूच होता आणि केशवराव उतरत नव्हते. मी चढून किल्ली फिरवली. त्यांचे दोन्ही हात लिव्हरवर होते. मी एकेक बोट सोडवलं, तरी बोटं आखडलेलीच राहिली.

"सर," ते म्हणाले, "एक फोन लावून देता? मले बटनं दाबता येऊन नाई राह्यले."

मला वाटलं, दवाखान्यात लावायचा असेल. त्यांनी खिशाकडे हनुवटी दाखवली. फोनमध्ये नाव होतं, शांता. मी लावला. त्यांचे हात तेलाने माखले होते, म्हणून स्पीकर चालू करून त्यांच्यासमोर धरला.

"आज काय सन हाय?" पलीकडून शांताबाईंचा आवाज आला.

"काई नाई. असंच."

"तब्बेत बरी हाय न?"

"बरी हाय. झड लागली इकडं."

आता केशवराव सगळं सांगतील असं मला वाटलं. शिळा, पंजा, पाणी. त्यांनी त्यातलं काहीच सांगितलं नाही. नाल्याकडे बघत राहिले. मागे कुठेतरी नातू काहीतरी वाजवत होता.

"शांता," ते शेवटी म्हणाले, "तिकडं घरात काई मोडलं-बिडलं हाय का? नळ, दार, काई? नाई म्हणजे, मी येऊन पाह्यलं असतं."

फोन कट झाला की काय म्हणून मी पडद्याकडे बघितलं.

"मोडलं काई नाई," शांताबाई म्हणाल्या. "पन या तुमी."