कैलासवासी आबांची जीप

मल्हारचे आजोबा म्हस्कूआबा रांजणगावच्या कंपनीत आतापर्यंत दोनदा वारले होते. एकदा आईचे वडील म्हणून, ऐन शिमग्यात, आणि एकदा वडिलांचे वडील म्हणून, दिवाळीच्या तोंडावर. दोन्ही वेळा मल्हारला सुट्टी मिळाली आणि दोन्ही वेळा त्याच्या खात्यातली माणसं कँटीनमध्ये दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली. प्रत्यक्षात आबा निमोण्याच्या वस्तीवर ठणठणीत होते आणि आपली जुनी डिझेल जीप स्वतः चालवत होते.

यात मल्हारचा फारसा दोष नव्हता. एक्सपोर्टची ऑर्डर सुरू झाल्यापासून कंपनीचा नियमच तसा होता. घरात मयत असेल तरच सुट्टी. त्यामुळे आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं भराभर जात होती आणि चार दिवसांनी बाजारात भेटत होती. मल्हारची अडचण पुढची होती. तो अजून टेम्पररी होता, येत्या एक तारखेला पर्मनंट व्हायचा होता, आणि पूनमच्या वडिलांनी सोयरिकीचं बोलणं त्या तारखेवरच अडवून धरलं होतं. टाइम ऑफिसच्या पोपटरावांनी त्याला बजावलं होतं, "आता एक लेटमार्क लागला तर गेलास तू. आन् मारायला आजोबा बी शिल्लक न्हाईत तुझे."

त्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट होती. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. जेवण उरकून फाट्यावर कंपनीची बस गाठायला मल्हार मोटारसायकलला किक मारणार, तोच आभाळ काळंकुट्ट झालं आणि बोराएवढ्या गारा पडायला लागल्या. थांबल्या तेव्हा वस्ती पांढरी झाली होती. वस्तीपासून डांबरी रस्त्याकडे जाणारी वाट दोन बांधांच्या मधून खोलगट जाते. दोन्हीकडच्या रानांतल्या गारा पाण्याबरोबर वाहत येऊन त्या वाटेत गुडघाभर साचल्या. मल्हारने तशीच मोटारसायकल घातली. ती पाच पावलं गेली आणि आडवी झाली.

"काश्मीर म्हंत्यात ते ह्येच का?" आबांनी विचारलं.

अलीकडे आबांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची घरात पद्धतच राहिली नव्हती. ते आले तर बाजेवर बसलेलं माणूस उठतही नसे. आबांना याचं फार वाईट वाटायचं, पण ऐकणारं कोणी नसल्यामुळे ते सांगायचीही सोय नव्हती.

"आबा, माझी बस जाईल हो," मल्हार रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग जीपला फळी बांधू की."

फळी म्हणजे रान सपाट करायला बैलांच्या मागे ओढतात ते लांबलचक जाड लाकूड. आबांनी ती जीपच्या तोंडाला आडवी लावली आणि अंबाडीच्या दोराने बंपरला करकचून बांधली. मल्हारची आई गिताबाई ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "मामंजी, फळी मागं बांधत्यात."

"मागं बांधली तर आदी आपुन गारांत जाऊ आन् मग फळी यील," आबा म्हणाले.

आबांचं बरोबर होतं. जीप घरघरत निघाली, फळीपुढे गारा सरकू लागल्या आणि मागे स्वच्छ काळी वाट दिसू लागली. मल्हारला आबांच्या पाया पडावंसं वाटलं. पण ढकललेल्या गारा कुठेतरी जातातच, ही गोष्ट निमोण्यात कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ढीग फळीपुढे वाढत गेला. अनसाबाईंच्या घरापाशी वाट वळते. जीप वळली, ढीग सरळ गेला आणि अनसाबाईंच्या दाराला जाऊन टेकला. आवाज ऐकून अनसाबाईंनी दार उघडलं, तसा निम्मा ढीग चुलीपर्यंत आत आला.

"आबा, ह्ये काय?"

"गारा हायेत."

"गारा मगाशीच थांबल्या की."

"ह्या आमी आनल्यात."

अनसाबाईंनी चुलीकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. "मग घेऊन जावा," त्या म्हणाल्या.

आजोबा-नातू घमेल्याने गारा बाहेर काढत बसले. फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, जरा थांबून पुन्हा वाजला आणि मग वाजला नाही. मल्हार घमेलं सोडून खाली बसला.

"सायबाला सांग की गारा पडल्या म्हनून," आबा म्हणाले.

"रांजणगावात लख्ख ऊन आसंल. कोन इश्वास ठेवनार?"

"मग न्हेऊन दाखव," अनसाबाई म्हणाल्या. "आमच्या घरातल्याच न्हे." आणि त्यांनी दुधाची किटली गारांनी काठोकाठ भरून दिली. आबांनी ती आपल्या घोंगडीत गुंडाळली. घोंगडीत ऊन शिरत नाही आणि गारठा बाहेर जात नाही, हे मेंढरांमागे हिंडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फळी सोडायला गेले, तर दोर भिजून गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. तेव्हा फळीसकट निघाले. समोरून येणारे ट्रक जीपचा अवतार बघून आपण होऊन रस्त्याच्या खाली उतरत होते, त्यामुळे वेळ बराच वाचला. कंपनीची कमान दिसल्यावर मात्र मल्हारच्या एक गोष्ट ध्यानात आली. पुरावा चांगला होता, पण पुरावा घेऊन येणारा माणूस मेलेला होता.

"आबा, तुमी जीपमदीच बसा. आत येऊ नका."

"का रं?"

"आत... लई ऊन हाय."

पण घोंगडी आबांची होती, आणि ते घोंगडी कोणाच्या हातात देत नसत. किटली छातीशी धरून ते मल्हारच्या मागोमाग टाइम ऑफिसात शिरले.

"सायेब, आमच्याकडं गारा पडल्या. वाट बंद झाली," मल्हार म्हणाला.

पोपटरावांनी खिडकीतून बाहेरचं ऊन पाहिलं. "आजोबा संपले म्हनून आता बर्फ पाडाया लागलास व्हय?"

आबांनी घोंगडी सोडली. किटली अजून बरीचशी पांढरी होती. पोपटरावांनी आत हात घातला, एक गार उचलून पाहिली, मग दोन गारा आपल्या पेल्यात टाकून पाणी प्यायले. ऑफिसातला कूलर गुढीपाडव्यापासून बंद होता. त्यांचा चेहरा निवळला.

"खरंच की. जा, लेटमार्क न्हाई लावत. पर साक्षीला कोन व्हतं?"

"म्या व्हतो," आबा म्हणाले.

"आपण कोण?"

मल्हारने तोंड उघडलं, पण आबांना हा प्रश्न किती तरी दिवसांत कोणी विचारला नव्हता. ते ताठ झाले. "म्या म्हस्कू. ह्याचा आजा."

पोपटरावांनी पेला खाली ठेवला. "आईचे वडील का वडलांचे?"

"वडलांचा बाप. आईचा बाप तर तिचं लगीन व्हायच्या आदीच गेला."

पूनमचे वडील उठून दुसऱ्या स्थळाकडे चाललेले मल्हारला स्पष्ट दिसले.

"आबा," पोपटराव जपून म्हणाले, "तुमी दिवाळीच्या तोंडावर वारलात. कँटीनमधी आमी दोन मिन्टं उभं राहिलो व्हतो."

"माझ्यासाठी?"

"शिमग्यात बी राहिलो."

"किती जनं?"

"सगळं खातं."

"आन् मधी कुनी बोललं न्हाई?"

"बोलत नसत्यात."

आबांचे डोळे भरून आले. पटक्याच्या टोकाने त्यांनी ते पुसले. "घरी म्या आलो तर कुनी बाज सोडत न्हाई, सायेब," ते म्हणाले.

पोपटराव उठले. त्यांनी दार लावून घेतलं. मल्हारने मनातल्या मनात कंपनीला रामराम केला.

"मोठ्या सायबाला कळलं तर तू घरी," पोपटराव म्हणाले, "आन् दोन्ही सुट्ट्या मीच दिल्या, म्हंजी मी बी घरी." मग त्यांनी आवाज उतरवला. "पुढच्या आठवड्यात माझ्या मेव्हण्याचं लगीन हाय. सुट्टी मिळंना. चुलता गेला म्हनून सांगणार व्हतो, पर खऱ्या चुलत्याचं नाव घ्यायला जीव धजत न्हाई. उद्या काय झालं म्हंजी? तुमाला दोनदा मारलं तरी काय झालं न्हाई, आबा. तुमचा गुण चांगला हाय. तवा एक बार माझा चुलता म्हनून..."

आबांनी घोंगडी नीट खांद्यावर टाकली.

"मरतो की," ते म्हणाले. "पर दोन मिन्टांत काय व्हतंय? ह्या बारीला पाच मिन्टं उभं करा."

पुढच्या आठवड्यात पोपटरावांचे चुलते कैलासवासी म्हस्कू यांच्यासाठी सगळी शिफ्ट कँटीनमध्ये पाच मिनिटं उभी राहिली. मल्हार पहिल्या रांगेत होता. एक तारीख तोंडावर आली होती, त्यामुळे त्याच्याइतकं निश्चल कोणी उभं नव्हतं.

कुंपणापलीकडे फळी बांधलेली एक जीप उभी होती. गाठी अजून सुटल्या नव्हत्या. आबा जीपमध्ये बसून जाळीतून आतली माणसं डोळे भरून बघत होते. मग अशा वेळी आपण एकट्यानेच बसून राहणं त्यांना बरं वाटेना. ते हळूच खाली उतरले, हात जोडले आणि उरलेला वेळ तेही उभे राहिले.