चहा संपेपर्यंत

खिटी पडल्याचा ‘टक्’ असा आवाज झाला, तेव्हा बाबा बाल्कनीत सातवं दुपटं दोरीवर टाकत होता. त्याने वळून पाहिलं. काचेचं सरकतं दार बंद झालं होतं, आतून खिटी लागली होती, आणि कामगिरी फत्ते झाल्यासारखे हात झटकत त्याची साडेचार वर्षांची थोरली लेक पलीकडे उभी होती. तिच्या मागे चार पावलांवर पाळण्यात आठ महिन्यांचं धाकटं झोपलं होतं. पाऊण तास खांद्यावर नाचवून घेतल्यानंतर, आत्ता कुठे झोपलं होतं.

दिवस साधासुधा नव्हता. आठ महिन्यांनी आई आज पहिल्यांदा कामावर गेली होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची खुर्ची होती, आणि ती आता आणखी रिकामी ठेवता येणार नाही असा मालकांचा निरोप आला होता. बाबाने महिन्याची रजा काढली. “तू निर्धास्त जा गं. दोन पोरं सांभाळायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय?” असं तो छाती काढून म्हणाला. आईने दारात तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. शेवटी म्हणाली, “एक वाजता फोन करीन. सगळं नीट असलं तर ठीक. नाहीतर तडक घरी येईन आणि मग परत नाही जायची. माझं तेवढं काळीज नाही.”

तिने जावं असं बाबाला अगदी मनापासून वाटत होतं. गेले कित्येक महिने ती हसली तरी ते हसू शेजाऱ्यांकडून मागून आणल्यासारखं दिसायचं. आज सकाळी मात्र कामाच्या कोरण्यांची डबी पर्समध्ये ठेवताना ती चक्क गुणगुणत होती. आणि ते गुणगुणणं आता एका खिटीवर येऊन अडलं होतं.

“उघड गं,” बाबा कुजबुजला. दाराच्या वरची हवेची झडप उघडी असल्यामुळे बोललेलं आत जात होतं; पण मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

थोरलीने ओठांवर बोट ठेवलं. “चहा संपला?”

“कसला चहा?”

“तुझा.”

“मी चहा घेतलाच नाहीये.”

“मग संपला नाही,” असं म्हणून ती आपल्या ठोकळ्यांकडे निघून गेली.

बाबाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. अडकलेल्या माणसांना धीर देण्यात त्याची हयात गेली होती. ‘घाबरू नका, शांत उभे राहा, दीर्घ श्वास घ्या, माणूस निघालाय,’ हे तो झोपेतही म्हणू शकत असे. एकदा एक बाई आतून म्हणाल्या होत्या, “तुम्ही या आत, आणि तुम्हीच घ्या दीर्घ श्वास.” तेव्हा तो खूप हसला होता. आता त्याने दीर्घ श्वास घेतला. साबणाचा वास आला. बाकी काही फरक पडला नाही.

त्याने काचेवर नखाने टकटक केलं. थोरली आली.

“राणी, चॉकलेट देतो. दोन.”

“आधी चहा.”

“पाच देतो. पूर्ण डबा देतो.”

“बाबा, हळू बोल ना! बाळ उठेल.”

हे त्याचंच वाक्य होतं. सकाळपासून तिला त्याने ते निदान वीस वेळा ऐकवलं होतं.

“अगं, चहा नाहीच आहे माझ्याकडे, तर संपवू कसा?”

हा मुद्दा थोरलीला पटला. ती गंभीर झाली. “थांब. मी करून आणते,” म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. स्वयंपाकघरात गॅस होता. “नको! नको नको नको! मला चहा आवडत नाही!” तो कुजबुजत ओरडला. कुजबुजत ओरडता येतं हे त्याला आजच कळलं. “खेळण्यातला कर! भातुकलीतला!”

मग भातुकली निघाली. किटली आली, बशी आली, अंगठ्याएवढा कप आला. थोरलीने साखर विचारली, दूध विचारलं, आलं हवं का विचारलं. बाबाने सगळ्याला हो म्हटलं. कप काचेपर्यंत आला आणि तिथेच घोडं अडलं, कारण दार बंद होतं.

“दार उघड, म्हणजे घेतो.”

“चहा संपल्यावर उघडतात.”

“बरं, तूच पी माझ्या वाटचा.”

ती कनवाळू होती. फुर्र करून प्यायली. बाबाने आशेने खिटीकडे पाहिलं.

“माझा संपला,” ती म्हणाली. “तुझा कुठे संपला?”

पालथ्या घड्यावर पाणी. बाबाने काचेला कपाळ टेकलं. आत भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीत काका प्रगट झाले. काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते इमारतीतल्या प्रत्येक घरात लक्ष घालत होते.

“काय हो, बाहेर अडकलात वाटतं?”

“हळू बोला काका. हो.”

“कमाल आहे. वहिनी रोज बसतात तिथे बराच वेळ. त्यांचा कधी चकार शब्द ऐकला नाही.” काकांनी मान हलवली. “मी येऊन बेल वाजवतो. पोरगी दार उघडेल.”

“बेल नको! बाळ उठेल. आणि अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही असं तिला शिकवलंय.”

“मी अनोळखी?”

“तसं नव्हे हो...”

“असू दे, असू दे.” काका दुखावले, पण परोपकाराची संधी सोडतील तर ते काका कसले. “खाली जाऊन वॉचमनकडून शिडी आणतो. लिफ्टने गेलो आणि आलो.”

“काका, लिफ्टने नको...” एवढं बाबा म्हणेपर्यंत ते आत गेलेही होते.

त्या इमारतीची लिफ्ट आठ दिवस कण्हत होती. अख्ख्या गावाच्या लिफ्ट बघणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहत असताना! पण आपल्याच घरचं काम, करू सवडीने, असं म्हणत बाबाने ते लांबवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. थोड्याच वेळात जिन्याच्या बाजूने एक हिसका बसल्याचा ओळखीचा आवाज आला आणि मग सगळं गप्प झालं. लिफ्टमधली घंटाही मोठ्याने वाजली नाही. तिच्या आवाजाने बाळ दचकतं म्हणून गेल्या महिन्यात बाबानेच तिच्यात कापूस कोंबला होता.

लिफ्टमध्ये एक पाटी होती: ‘लिफ्ट अडकल्यास या क्रमांकावर फोन करा.’ क्रमांक बाबाचा होता. आतल्या टेबलावर बाबाचा फोन थरथरू लागला.

“उचलू नकोस!” बाबा म्हणाला. मग म्हणाला, “उचल!” मग त्याला काहीच सुचेना. तोवर थोरलीने उचललाही होता.

“हॅलो. बाबा बाल्कनीत चहा पितोय.” तिने ऐकून घेतलं. “नाही, अजून संपला नाही.” आणि तिने फोन ठेवला.

लिफ्टच्या पोकळीतून, दोन मजल्यांच्या मधून कुठून तरी, “चहा?” असा एक पिचलेला आवाज वर आला. त्यानंतर फोन सहा वेळा थरथरला आणि सहाही वेळा काकांना तेच उत्तर मिळालं. आपण लिफ्टमध्ये घामाने निथळतोय आणि शिडी ज्याच्यासाठी आणायची तो निवांत चहा ढोसतोय, अशी काकांची खात्रीच झाली.

बाबाने खिटी बाहेरून हलते का बघायला प्लास्टिकचा चिमटा फटीत घातला. चिमटा मोडला. झाडांच्या लहान कुंड्या उचलून पाहिल्या, खाली डोकावून पाहिलं. तिसरा मजला तिसराच होता. आत बाळ मात्र झोपलंच होतं. एरवी पंचवीस मिनिटांत जगाला जागं करणारं हे कार्टं दीड तास झाला तरी मूठ गालाखाली घेऊन शांत होतं. एवढा वेळ कसं झोपलं? श्वास तर चालू आहे ना? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग काही केल्या निघेना. तो काचेला नाक लावून त्या छोट्या छातीवरचं पांघरूण बघत राहिला. हललं. मग परत हललं की नाही? हललं. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हाताशी ओलं दुपटंच होतं.

एक वाजला. फोन थरथरला.

या खेपेस फोन कुणाचा ते सांगायची गरज नव्हती. थोरलीने तो दोन्ही हातांनी कानाला लावला. “आई! ... हो. ... बाळ झोपलंय. ... बाबा? बाबा बाल्कनीत चहा पितोय. ... हो, मीच लावली. ... बाय.”

‘हो, मीच लावली.’ म्हणजे आईला खिटीचंही कळलं. संपलं सगळं. पहिल्या दिवशी, पहिल्या फोनला, बाप बाहेर आणि पोरं आत. ती आता पर्स उचलत असेल, डबी बंद करत असेल, मालकांना सांगत असेल. उद्यापासून ती पुन्हा याच घरात ते मागून आणलेलं हसू हसणार आणि त्याला आपणच कारण. बाबा भिंतीला टेकून खाली बसला. काकांना धीर देण्याइतकाही धीर त्याच्यात उरला नव्हता.

खाली बसल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दाराजवळचा बुटका ओटा आला. त्यावर गोल डाग होते. एक नव्हे, दोन नव्हे, एकावर एक चढलेले पन्नासेक डाग, सगळे एका मापाचे. आणि तुळशीच्या मोठ्या कुंडीच्या मागे एक कप होता. आईचा, निळ्या काठाचा, कान तुटलेला, बाबाच्या लेखी चार महिन्यांपासून हरवलेला. तळाशी घोटभर कालचा चहा होता, त्यावर साय धरली होती.

बाबाने तो कुंडीत ओतला आणि रिकामा कप ओट्यावर पालथा ठेवला. का ठेवला, त्यालाही माहीत नव्हतं. हातात दुसरं काही काम नव्हतं म्हणून ठेवला.

टक्.

“संपला!” थोरली आनंदाने म्हणाली. “किती वेळ लावलास!”

बाळ त्याच क्षणी उठलं आणि त्याच्याकडे बघून बोळकं पसरून हसलं. बाबाने त्याला झोळीत बांधून पोटाशी घेतलं, थोरलीला हाताशी धरलं, गच्चीवरच्या खोलीत जाऊन लिफ्टचं चाक हाताने फिरवलं आणि काकांना खाली उतरवलं. काका बाहेर आले, त्यांनी बाबाकडे आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “बिस्किटं पण होती का सोबत?”

मग बाबा वाट बघत बसला. दर वेळी जिन्यात पाऊल वाजलं की तो उठून दाराशी जायचा. दीड वाजला, दोन वाजले, चार वाजले. आई आली ती सहाला, काम सुटायच्या वेळेला, बोटांना पांढरी पावडर लागलेली. बाबाने वाक्य पाठ करून ठेवलं होतं: ‘माझ्याने नाही झालं.’ पण तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, “कसा होता चहा?”

“अगं, ते...”

“मी तुला सांगणार होते. लाज वाटली.” ती पाळण्याशी बसली. “सुरुवातीला ते झोपलं की मी दर दोन मिनिटांनी जाऊन नाकाखाली बोट धरायचे. श्वास बघायला. मग ते उठायचं. मग आम्ही दोघंही रडायचो. शेवटी हिला म्हटलं, मी बाहेर बसते, तू खिटी लाव. चहा संपवून कप पालथा घातला की काढ. त्याआधी मी पाया पडले तरी काढू नकोस. काचेतून सगळं दिसतं, पण बोट पोचत नाही.” ती हसली, आणि हे हसू तिचं स्वतःचं होतं. “एकदा एक कप मी तासभर पुरवला. थंडगार.”

बाबाने बाल्कनीतल्या पालथ्या कपाकडे पाहिलं.

“आज एक वाजता माझी पर्स खांद्यालाच होती. म्हटलं, घरी गोंधळ असणार. तर ही म्हणते, बाबा बाल्कनीत चहा पितोय. पहिल्याच दिवशी तुला हे आपलं आपण सुचलं! मी पर्स खाली ठेवली आणि अख्खी कवळी पुरी केली. उद्या वरचे दात बसवायचेत.”

खरं सांगायचं की नाही, हे बाबा ठरवतच होता. ‘उद्या’ हा शब्द ऐकला आणि त्याने मूग गिळले.

“पण आई,” थोरली म्हणाली, “बाबाला नीट पिता येत नाही. नुसताच रडतो.”

“मीही रडायचे गं,” आई म्हणाली. “सवयीने जमतं.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाळ झोपलं. दुपट्यांची बादली तशीच ठेवून बाबा निळ्या काठाचा कप काठोकाठ भरून बाल्कनीत गेला. पलीकडून काकांनी पाठ फिरवली. मागे खिटी पडली. पाळण्यातलं पांघरूण हललं, मग परत हललं. बाबाने पहिला घोट अगदी छोटा घेतला.